मानसिक आरोग्याची मागणी मंत्रालयापर्यंत नेताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

ग्रामीण रुग्णालयात मनोविकाराच्या गोळ्या नाहीत. जिल्हा रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञाचे पद रिकामे आहे. बरे झालेल्या माणसाला घरचे न्यायला तयार नाहीत आणि त्याला ठेवायला दुसरी जागा नाही. अशा तक्रारी घेऊन अनेक गट मुंबई गाठतात, निवेदन देतात, फोटो काढतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. सहा महिन्यांनी काय झाले विचारले, तर उत्तर ठरलेले असते: "निवेदन दिलंय की."

निवेदनात लिहिलेले बहुतेक वेळा खरेच असते. पण ते भलत्याच टेबलावर पडते, भलत्याच महिन्यात पोहोचते आणि त्यात चौदा मागण्या असतात. महाराष्ट्रात राज्य पातळीवर एखादी सोय मंजूर करून घ्यायची असेल, तर काय आणि कोणत्या क्रमाने करावे, ते खाली दिले आहे. सगळीकडे उदाहरण एकच घेतले आहे: ग्रामीण रुग्णालयांत मनोविकारांची औषधे मोफत आणि अखंड मिळणे.

(तुम्हाला स्वतःला किंवा घरातल्या कोणाला आत्ता मदत हवी असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. पाठपुरावा नंतर होईल.)

तयारी: माणसे आणि कॅलेंडर

पाच-सहा जणांचा गट पुरतो. त्यात आजारातून गेलेली किमान एक व्यक्ती आणि घरी रुग्णाची काळजी घेणारी एक व्यक्ती हवीच. त्यांना शिष्टमंडळात फक्त "अनुभव सांगायला" नेऊ नका, मागणी ठरवायच्या पहिल्या बैठकीलाच बोलवा. एका गटाने समुपदेशन केंद्राची मागणी जवळजवळ पक्की केली होती. एका आईने विचारले, "केंद्र तालुक्याला, आणि गोळी जिल्ह्याला?" तिथेच मागणी बदलली.

एक जण फक्त कागद सांभाळेल. आवक क्रमांक (कार्यालयाने कागद घेतल्याचा नोंद क्रमांक), तारीख, कोणाकडे दिले, कोण काय बोलले, हे सगळे एकाच वहीत. हे काम कोणालाच आवडत नाही आणि ते नीट झाले नाही तर बाकी सगळी मेहनत वाया जाते.

आता कॅलेंडर. विधिमंडळाची तीन अधिवेशने असतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, पण त्या वर्षाच्या पैशाचे अंदाज विभाग आधीच्या हिवाळ्यात बांधून मोकळे झालेले असतात. मार्चमध्ये "या बजेटमध्ये घ्या" म्हणणारा माणूस जेवणावळ उठल्यावर पोहोचलेला असतो. म्हणून अर्थसंकल्पी अधिवेशनापासून मागे मोजा: निवेदन सप्टेंबर-ऑक्टोबरात पोहोचायला हवे, पुरावा ऑगस्टपर्यंत हातात हवा, माहिती अधिकाराचे अर्ज मे-जूनमध्ये पडायला हवेत.

सावधान: निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवे निर्णय थांबतात. वर्षभरात कुठली निवडणूक येते आहे, ते आधी पाहून ठेवा.

टप्पा १: मागणी एका वाक्यात बसवा

"मानसिक आरोग्याकडे लक्ष द्यावे" ही भावना झाली, मागणी नव्हे. मागणीत चार गोष्टी लागतात: काय, कुठे, कोणी आणि कधीपर्यंत. आपल्या उदाहरणात ती अशी होईल:

"राज्यातील सर्व ग्रामीण रुग्णालयांत सोबतच्या यादीतील मनोविकारांवरील औषधांचा किमान तीन महिन्यांचा साठा ठेवण्याबाबत सार्वजनिक आरोग्य विभागाने येत्या ३१ मार्चपूर्वी शासन निर्णय काढावा."

(शासन निर्णय, म्हणजेच जीआर: विभागाचा अधिकृत लेखी आदेश.) मागणीला कायद्याचा आधार जोडा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यातले कलम १८ बहुतेक मागण्यांना पुरते. शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे ते कलम सांगते. निवारागृहे, अर्ध-निवासी सोय, घरी येऊन पुनर्वसन, मुलांसाठी आणि वृद्धांसाठी सेवा, हे सगळे त्यात मोजले आहे. आपल्या उदाहरणासाठी पोटकलम १० पाहा: अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व शासकीय दवाखान्यांत सदैव आणि मोफत मिळाली पाहिजेत. आपल्याकडे हे केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालय. किमान सेवा जिल्ह्यात नसतील, तर जिल्ह्यातच इतरत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने उचलायचा, हेही याच कलमात आहे. अधिकाऱ्यांसमोर हे वाक्य शांतपणे वाचून दाखवले की बैठकीचा सूर बदलतो.

राहण्याच्या सोयीची मागणी असेल, तर कलम १९ घ्या. केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत, म्हणून कोणाला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही, असे ते म्हणते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या संदर्भात हेच कलम कामाला येते.

तपासा: मागणीचे वाक्य गटाबाहेरच्या माणसाला वाचायला द्या. "म्हणजे नक्की कोणी काय करायचं?" असे त्याने विचारले, तर पुन्हा लिहा.

टप्पा २: टेबल शोधा

सर्वांत जास्त गट इथेच अडकतात. मानसिक आरोग्य म्हटले की आरोग्यमंत्री, असा आपला समज. प्रत्यक्षात काम पाच-सहा खात्यांत विखुरलेले आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये आणि मनोरुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. व्यसनमुक्ती केंद्रे सामाजिक न्याय विभागाकडे. मानसिक आजारामुळे आलेल्या दिव्यांगत्वाचे लाभ दिव्यांग कल्याण विभागाकडे. निरीक्षणगृहातली मुले महिला व बालविकासाकडे. शाळेतले समुपदेशक शालेय शिक्षणाकडे.

जिल्ह्यातही दोन दारे आहेत. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या (जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखांच्या) हाताखाली, तर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या. मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चमू बहुधा शल्यचिकित्सकांकडे बसते. त्यामुळे "प्राथमिक केंद्रात शिबिर घ्या" ही मागणी फक्त त्यांच्याकडे दिली, तर ती दोन कार्यालयांच्या मधल्या रस्त्यावर हरवते. आणखी एक खाचखळगा: तुमचे जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडले गेले असेल, तर इमारत तीच दिसते, खाते मात्र बदललेले असते.

मंत्रालयात फाइल खालून वर चढते: कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, मग सचिव आणि मंत्री. पहिली टिपणी कार्यासनातच, म्हणजे कक्ष अधिकाऱ्यांच्या शाखेतच, लिहिली जाते. मंत्र्यांनी तुमच्या निवेदनावर "तपासून सादर करावे" असा शेरा मारला, की कागद त्याच कार्यासनात येतो. म्हणून मंत्र्यांना भेटण्याआधी कक्ष अधिकाऱ्यांना भेटा. मान द्या, पाच मिनिटे घ्या आणि एकच प्रश्न विचारा: "साहेब, हे व्हायला तुम्हाला कुठला कागद लागेल?" या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर अर्धे काम झाले.

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण विसरू नका. कायद्याने त्यावर रुग्ण, काळजीवाहक आणि संस्था यांचे प्रतिनिधी असतात. ते कोण आहेत, हे शोधून तुमचे निवेदन त्यांच्याही हाती द्या. एकाच व्यक्तीच्या हक्काचा भंग झाला असेल, तर मात्र मंत्रालय गाठू नका. त्यासाठी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ आहे.

टप्पा ३: पुरावा गोळा करा

पुराव्याचे दोन ढीग करा. एक तुम्ही स्वतः पाहिलेला, दुसरा सरकारी कागदातून आलेला. दोन्ही जुळले की मागणी नाकारणे अवघड होते.

पाहिलेला पुरावा सोपा, पण चिकाटीचा. चार ग्रामीण रुग्णालये निवडा. सलग तीन महिने, दर महिन्यात एकदा, मानसिक आजारांच्या बाह्यरुग्ण विभागाच्या दिवशी जा. एका पानाचा तक्ता ठेवा: तारीख, वेळ, डॉक्टर होते की नाही, यादीतली कुठली औषधे मिळाली, कुठली "बाहेरून आणा" म्हणून चिठ्ठीवर लिहून दिली. यादी छोटी ठेवा: रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल, फ्लुओक्सेटिन, सोडियम व्हॅल्प्रोएट, लिथियम. लिथियमसमोर आणखी एक रकाना लागतो: त्याची रक्तातली पातळी तपासायची सोय जिल्ह्यात आहे का? गोळी आहे आणि तपासणी नाही, अशा ठिकाणी डॉक्टर ती लिहायला कचरतात. कागदावर साठा दिसतो, रुग्णाला उपयोग शून्य.

सावधान: चिठ्ठ्यांचे फोटो घेताना नाव आणि नोंदणी क्रमांक झाका. उपचार घेणाऱ्याची माहिती किंवा छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, असे कायद्याचे कलम २४ सांगते. हा नियम तुमच्या गटाने मोडला, तर पुढच्या बैठकीत चर्चा औषधांची होणार नाही, तुमची होईल.

सरकारी पुराव्यासाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. लोक इथे ठरलेली चूक करतात: ते "का" विचारतात. "औषधे का मिळत नाहीत?" याला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. जो कागद कार्यालयात आहे, तोच मागा:

"दि. १ एप्रिल ते ३१ मार्च या कालावधीतील, (१) ग्रामीण रुग्णालयाने जिल्हा औषध भांडाराकडे पाठवलेल्या, सोबतच्या सहा औषधांच्या मागणीपत्रांच्या प्रती. (२) त्या औषधांच्या साठा नोंदवहीच्या संबंधित पानांच्या प्रती. (३) 'साठा उपलब्ध नाही' असे कळवणाऱ्या पत्रांच्या प्रती."

मागणीपत्रच नसेल, तर दोष खालच्या पातळीवर आहे. मागणी गेली आणि पुरवठा आला नाही, तर तो खरेदीत आहे. साठा आला आणि मुदत संपून पडून राहिला, तर लिहून देणारा डॉक्टरच नव्हता. तीन कागदांतून तीन वेगवेगळ्या मागण्या निघतात. कागद न पाहता मंत्रालयात गेलेला गट चुकीच्याच आजारावर औषध मागतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आले, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, २० रुपयांच्या कोर्ट फी मुद्रांकासह. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत, पण तिथे रांग मोठी असते. तुमचे वेळापत्रक त्यावर टांगू नका.

राष्ट्रीय आकडा द्यायचाच असेल, तर एकच द्या: २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, मानसिक आजार असलेल्या दर दहापैकी आठांहून अधिक प्रौढांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. बाकी सगळे आकडे तुमच्या चार रुग्णालयांचे असू द्या.

टप्पा ४: पैसा कुठून येणार, ते तुम्हीच सांगा

पैशाबद्दल मौन बाळगणाऱ्या निवेदनावर "निधीच्या उपलब्धतेनुसार" असा शेरा पडतो. तो शेरा म्हणजे मऊ भाषेतला नकार.

वाटा साधारण तीन. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राष्ट्रीय आरोग्य अभियानातून चालतो. महाराष्ट्रात केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४०. त्याचा आराखडा जिल्ह्यातून वर जातो आणि दिल्लीतून मंजुरीचे पत्र येते. ते पत्र अभियानाच्या संकेतस्थळावर असते. त्यात तुमच्या विषयाची ओळ शोधा. मंजूर रक्कम आणि खर्च यांत मोठी तफावत असेल, तर मागणी पैशाची नाहीच, खर्चाची आहे.

दुसरी वाट राज्याचा स्वतःचा अर्थसंकल्प. आरोग्याचे मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्च नोंदवायचा सांकेतिक क्रमांक, २२१०. त्याखालची तरतूद आणि वितरण बीम्स या राज्याच्या ऑनलाइन अर्थसंकल्प प्रणालीवर दिसते. तिसरी वाट जिल्हा नियोजन समितीची, म्हणजे पालकमंत्र्यांची. तपासणी यंत्र किंवा खोलीची दुरुस्ती अशा छोट्या गोष्टी तिथून लवकर होतात.

नवी पदे मागत असाल, तर धीर धरा. पदनिर्मितीला वित्त विभागाची सहमती आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता लागते. आधीची मंजूर रिक्त पदे भरून घेणे त्याहून कितीतरी सोपे.

टप्पा ५: निवेदन

दोन पाने. त्याहून जास्त कोणी वाचत नाही आणि वाचल्याचे सांगितले तरी विश्वास ठेवू नका. पहिल्या परिच्छेदात मागणीचे वाक्य. दुसऱ्यात कलम. तिसऱ्यात तुमचा तक्ता, जास्तीत जास्त आठ ओळींचा. चौथ्यात पैशाची वाट. शेवटी: "याबाबत झालेली कार्यवाही आम्हांस कळवावी."

प्रत कोणाकोणाला पाठवायची, यातही एक गंमत आहे. बारा जणांना प्रती पाठवल्या की प्रत्येकाला वाटते, दुसरा बघेल. मूळ पत्र एकालाच, प्रती फार तर दोघांना.

तपासा: शिक्का आणि आवक क्रमांक तुमच्या प्रतीवर घेतला का? त्याशिवाय इमारतीतून बाहेर पडू नका.

टप्पा ६: आमदार आणि सभागृह

निवेदनानंतर महिनाभर काहीच हलले नाही, तर आमदारांकडे जा. मतदारसंघाचेच हवेत असे नाही. विधान परिषदेत शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांचे सदस्यही असतात. विरोधी पक्षातला एक आणि सत्ताधारी पक्षातला एक मिळाला, तर उत्तम. रविवारी सकाळच्या गर्दीत फाइल देऊ नका. आमदारांच्या स्वीय सहायकांना आधी भेटा, कारण प्रश्न प्रत्यक्षात तेच टंकतात.

प्रश्न लिहूनच न्या. तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) साचा ठरलेला असतो आणि त्यात एक सापळा आहे. पहिला भाग "हे खरे आहे काय" असा असतो. त्यात एकही तपशील चुकला, तर उत्तर येते "हे खरे नाही" आणि पुढच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही". सहा महिन्यांची मेहनत तीन शब्दांत संपते. म्हणून पहिल्या भागात फक्त सरकारी कागदाने सिद्ध होणारे लिहा:

"(१) अमुक जिल्ह्यातील चार ग्रामीण रुग्णालयांत अमुक कालावधीत लिथियमचा साठा उपलब्ध नसल्याचे साठा नोंदवहीवरून निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ (१०) नुसार औषधे अखंड उपलब्ध करण्यासाठी शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

"राज्यभर औषधांचा तुटवडा असून रुग्णांचे हाल होत आहेत" असे लिहायचा मोह होतो. वर्तमानपत्रासाठी ते ठीक आहे, इथे नाही.

तारांकित प्रश्नाच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. तारीख विधानमंडळ सचिवालयाच्या परिपत्रकात असते. स्वीय सहायकांना विचारा. ती हुकली, तर लक्षवेधी सूचना किंवा औचित्याचा मुद्दा, असे तातडीचा विषय सभागृहात मांडायचे मार्ग उरतात. अर्थसंकल्पी अधिवेशनात आरोग्याच्या मागण्यांवर चर्चा होते, तेव्हा कपात सूचनाही (मागितलेल्या रकमेत कपात सुचवून विषय मांडणे) देता येते.

मंत्री सभागृहात "तीन महिन्यांत निर्णय घेऊ" म्हणाले, तर ते वाक्य, तारीख आणि वेळ लगेच टिपून ठेवा. सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. तुमच्या आमदारांमार्फत तिच्याकडे जाता येते. बाहेर पत्रकारांसमोर दिलेला शब्द मात्र तिच्या कक्षेत येत नाही.

टप्पा ७: शासन निर्णय निघाल्यावर

पेढे वाटण्याआधी निर्णय डाउनलोड करून पूर्ण वाचा. तीन जागा पाहा. निर्णयाच्या सुरुवातीच्या "वाचा" या मथळ्याखाली कोणते संदर्भ आहेत, त्यात तुमच्या पत्राचा उल्लेख असेल तर छान, नसेल तरी बिघडत नाही. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, ते लिहिले आहे का? ते नसेल, तर निर्णय कोरडा आहे. आणि अंमलबजावणीची जबाबदारी कोणत्या पदावर आहे? "सर्व संबंधितांनी" असे लिहिले असेल, तर दुरुस्तीसाठी त्याच आठवड्यात पुन्हा कक्ष अधिकाऱ्यांकडे जा, कारण शुद्धिपत्रक सुरुवातीलाच निघते.

निर्णयाची प्रत जिल्हा शल्यचिकित्सक आणि त्या चार ग्रामीण रुग्णालयांच्या वैद्यकीय अधीक्षकांना स्वतः नेऊन द्या. कागद मंत्रालयातून तालुक्याला पोहोचतो असे आपण धरून चालतो. बरेचदा तो पोहोचलेला नसतो, आणि "असा काही जीआर आलाच नाही आमच्याकडे" हे अधीक्षकांचे उत्तर प्रामाणिक असते.

मग जुना तक्ता पुन्हा बाहेर काढा. तीच चार रुग्णालये, तीच सहा औषधे, तोच बाह्यरुग्ण विभागाचा दिवस. तीन महिन्यांनी एक फेरी, सहा महिन्यांनी दुसरी. दुसऱ्या फेरीतही खिडकीतून "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी आली, तर नवी मागणी करू नका: शासन निर्णयाचा क्रमांक टाकून माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी लिहा आणि टप्पा ३ पासून सुरू करा.